विमान किती वेळा पडतं?

रविवारी संध्याकाळी थर्माकोलचे तुकडे पिशवीत घालून मी होस्टेलच्या गेटमधून आत येते, तेव्हा वॉचमन काका रजिस्टर पुढे सरकवतात आणि विचारतात, "आज किती वेळा पडलं?" मेसमध्ये हाच प्रश्न. प्रॅक्टिकलला सरांचाही हाच प्रश्न. टोकावड्याला घरी फोन केला की आजीसुद्धा "जेवलीस का"च्या नंतर लगेच "पडलं का गं परत?" म्हणते. उडलं का, असं मात्र आजपर्यंत कोणीही विचारलेलं नाही!

म्हणून मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, एकदा या प्रश्नाचं नीट उत्तर देऊन टाकू. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विमान पडण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे, आणि तो मी वहीत लिहून ठेवलेला आहे.

आधी थोडी ओळख. मी म्हणते ते विमान म्हणजे रेडिओ कंट्रोलचं, रिमोटवर उडणारं मॉडेल. ड्रोन नव्हे. ड्रोनला चार पंखे असतात आणि आत एक छोटा कॉम्प्युटर बसून सेकंदाला शेकडो वेळा त्याचा तोल सावरत असतो. हात सोडले तरी ते बिचारं हवेत उभं राहतं. आमच्या साध्या विमानात तसलं काही नाही. तोल सांभाळणारे म्हणजे आपले दोन अंगठे. माझ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम. अंग थर्माकोलचं, त्यावर पॅकिंगची टेप, पंखात कार्बनची एक नळी, नाकाला ब्रशलेस मोटर आणि दहा इंची प्रोपेलर. पंखाचे आणि शेपटीचे हलणारे भाग ओढायला नऊ-नऊ ग्रॅमच्या चिमुकल्या सर्व्हो मोटरी. रिमोट एका सीनियरने पास आऊट होताना स्वस्तात दिला. सगळं मिळून एका सेमिस्टरच्या मेस बिलाएवढा खर्च झाला. घरी मात्र मी अर्धाच सांगितलाय. (आमच्या घरी हे मासिक पोचत नाही, अशी आशा आहे.)

उडवायची जागा म्हणजे टोकावड्याची आमची भाताची खाचरं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागतं. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. पावसाळ्यात खाचरात गुडघाभर चिखल, त्यामुळे जून ते ऑक्टोबर आमचं विमान माळ्यावर. भात कापून झालं की नोव्हेंबरपासून मेपर्यंत रान मोकळं. कापलेल्या भाताच्या धसकटांवर विमान पोटावर उतरवता येतं, चाकांची गरजच नाही. फक्त बांध सांभाळायचे. बांधाने माझे तीन प्रोपेलर खाल्लेत.

आता वही. पहिल्या हंगामात, म्हणजे सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीपासून मेअखेरपर्यंत, मी ४७ वेळा विमान हवेत सोडलं आणि त्यातल्या १६ वेळा ते पडलं. म्हणजे साधारण दर तीन उड्डाणांमागे एक. पडलं कशाला म्हणायचं हेही मी सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, नाहीतर आपण आपल्याच सोयीने मोजतो. विमान मला नको होतं तिथे किंवा नको होतं तसं जमिनीला लागलं आणि त्यानंतर काहीतरी चिकटवल्याशिवाय परत उडवता आलं नाही, तर ते पडलं. नुसतं धसकटात घसरून उलटलं आणि झटकून उचललं, तर ते धरायचं नाही.

सोळा हा आकडा ऐकून रूममेट म्हणाली, "मग विमानाने प्रवास कोण करेल?" तिच्यासाठी सांगते. मोठ्या प्रवासी विमानांत दर दहा लाख उड्डाणांमागे दोन-तीन अपघात होतात, आणि त्यातही बहुतेकांत कोणी दगावत नाही. त्यांच्याशी माझी तुलनाच नको. तुलना करायचीच तर सुरुवातीच्या लोकांशी करावी. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने टेकडीवरून उड्या मारत ग्लायडरची दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली. १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचं ग्लायडर हवेत स्टॉल झालं, तो पंधराएक मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं केली, हे आपण पाठ केलेलं असतं. चौथं सगळ्यात लांब, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. त्या चौथ्या वेळी उतरताना पुढचा भाग मोडला, आणि नंतर जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या झोताने विमान उलटंपालटं करून टाकलं. ते विमान परत कधीच उडलं नाही. त्या हिशोबाने माझी वही फार वाईट नाही!

पण या लोकांत आणि माझ्यात एक फरक होता, तो मला उशिरा कळला. ते पडल्यावर नीट लिहायचे. लिलिएंथालने पंखांची मापं घेऊन तक्ते छापले होते. राइट बंधूंचे १९०१ चे ग्लायडर त्या तक्त्यांवरून काढलेल्या हिशोबाएवढी उचल देईना, तेव्हा त्यांनी "हवा वाईट होती" म्हणून सोडून दिलं नाही. घरी वाऱ्याचा बोगदा बांधला आणि पंखांचे दोनेकशे नमुने त्यात तपासले. आपल्याकडे लहानपणापासून एक गोष्ट ऐकतो, की १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईला चौपाटीवर विमान उडवलं, ते दीड हजार फूट वर गेलं आणि खाली कोसळलं. २०१५ मध्ये त्यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमाही आला. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही. मला यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. समजा खरंच उडलं असेल, तर ते का कोसळलं याचा एक कागद तरी मागे राहायला हवा होता. तो असता तर पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता आली असती.

माझ्या वहीत "का पडलं" असा एक रकाना आहे. मेमध्ये तो असा दिसत होता. विमान जमिनीवर असतानाच केलेल्या चुका, चार. दिशा चुकली, तीन. वारा, नऊ.

जमिनीवरच्या चुका आधी सांगते, कारण त्या लाजिरवाण्या आहेत आणि सगळे जण करतात. पहिली, वजनाचा मध्य मागे गेला. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तीस टक्क्यांवर विमान दोन बोटांवर तोललं गेलं पाहिजे. माझ्या वीस सेंटिमीटरच्या पंखाला हे पाच-सहा सेंटिमीटर होतं. मी बॅटरी बसेना म्हणून दोन इंच मागे सरकवली होती. हातातून सुटल्यावर विमानाने नाक वर केलं, मी खाली दाबलं तर ते जरा जास्तच खाली आलं, परत वर खेचलं तर त्याहून जास्त वर, आणि तिसऱ्या हिसक्याला ते बांधापलीकडे. शेपूट जड झालं की विमान स्वतःहून सरळ होत नाही. दुसरी चूक, एलेरॉन उलटा. दुरुस्तीनंतर सर्व्होची वायर बदलली आणि उजवीकडे स्टिक केल्यावर विमान डावीकडे कलू लागलं. असं झालं की तुम्ही सावरायला जाल तेवढं विमान जास्त कलतं, तीन सेकंदांत खेळ खलास. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे करायची आणि उजव्या पंखाचा एलेरॉन वर जातोय ना, हे बघायचं. पाच सेकंदांचं काम. उरलेल्या दोन वेळा मी बॅटरी चार्ज न करता नेली होती. तीन सेलची बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्ट असते. रिकामी होत आली की कंट्रोलर आधी मोटर बंद करतो आणि उरलेली वीज सर्व्होंना ठेवतो, म्हणजे निदान तरंगत उतरता यावं. मला ते माहीत नव्हतं. मोटर बंद पडल्यावर मी घाबरून नाक वर ओढत राहिले.

दिशा चुकणं म्हणजे काय, हे खऱ्या वैमानिकाला सांगून कळणार नाही, कारण तो आत बसलेला असतो. आम्ही बाहेर उभे. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं. आरशात बघून भांग पाडण्यासारखं, फक्त आरसा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने अंगावर येत असतो. यावर वर्कशॉपच्या मामांनी मला एक सोपी गोष्ट सांगितली, जी कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाला आली. विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली गेलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला सरकवायची. पडणाऱ्याला हात द्यायला आपण त्याच बाजूला जातो ना, तसं. बाकी हा सराव होस्टेलच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये करता येतो. तिथे दिवसाला चाळीस वेळा पडा, एक रुपया जात नाही. ज्यांच्या कॉलेजात एनसीसीची एअर विंग आहे त्यांना तर एरोमॉडेलिंग अभ्यासातच असतं. त्यात तारेला बांधून गोल फिरवायचं विमानही असतं, म्हणजे दिशेचा प्रश्नच येत नाही. फक्त उडवणाऱ्यालाच चक्कर येते.

राहिला वारा.

आमच्याकडे सकाळी हवा शांत असते. ऊन चढलं की पश्चिमेकडून वारा सुटतो आणि घाटाच्या भिंतीवर जाऊन आदळतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या वाऱ्याचा जोर सांगायला नको. उन्हाळ्यात तो तेवढा नसतो, पण ९०० ग्रॅमच्या थर्माकोलला पुरतो. त्यामुळे दुपारी विमान पडलं की मी रकान्यात "वारा" लिहायचे, आणि कोणी विचारलं तर घाटाकडे बोट दाखवायचे. सगळ्यांना पटायचं. मलाही पटलं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपवून घरी गेले. चार वाजले होते, वारा होता, पण पंधरा दिवस विमानाला हात लावला नव्हता. लांबच्या खाचरात जायचा कंटाळा केला आणि घरामागच्याच खाचरातून सोडलं. त्या दिवशी खळ्यात काकूने कुरडया वाळत घातल्या होत्या. चुलतभावाची चार वर्षांची मुलगी हातात काठी घेऊन कावळे हाकलायला बसली होती. मला ती दिसत होती. ती बरीच लांब आहे असं मला वाटत होतं.

विमान घाटाकडे गेलं, मी परत आणायला वळवलं. वळता वळता त्याचा एक पंख खाली गेला आणि ते गोल फिरत खाली आलं. पंधरा-वीस मीटरवरून खाली यायला दोन सेकंदही लागत नाहीत. ते कुरडयांवर पडलं. मुलीपासून हातभर लांब.

ती हसली. "मोठ्ठा कावळा!" म्हणाली.

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काही बोलली नाही. पोरीला उचलून आत नेऊन ठेवलं, आणि बाहेर येऊन कुरडयांतून थर्माकोलचे बारीक दाणे वेचत बसली. मी शेजारी बसून वेचायला लागले. अंधार पडेपर्यंत आम्ही वेचत होतो. तरी शेवटी निम्म्या कुरडया टाकूनच द्याव्या लागल्या. रात्री मी हिशोब केला. ९०० ग्रॅम, सेकंदाला पंधरा मीटर वेग धरला तर सुमारे शंभर ज्यूल. म्हणजे जवळजवळ चार मजल्यांवरून एक किलोची पिशवी खाली टाकावी, तसं. आणि त्या पिशवीच्या टोकाला फिरतं पातं. थर्माकोलचं आहे, काय लागणार, असं मी घरात सगळ्यांना सांगत आले होते.

वही काढली. तारीख लिहिली, उड्डाण क्रमांक ४७ लिहिला, आणि "का पडलं" मध्ये "वारा" लिहायला गेले तर हात चालेना. वाऱ्याने पाडलं म्हणजे कसं पाडलं? माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

माझा धाकटा चुलतभाऊ मोबाईलच्या स्टेटससाठी प्रत्येक उड्डाणाचा व्हिडिओ काढतो. पडण्याचे व्हिडिओ तो जास्त आवडीने जपून ठेवतो. "वारा" लिहिलेल्या नऊपैकी सात पडण्या त्याच्याकडे होत्या. त्या रात्री अंगणात बसून आम्ही त्या सातही परत परत बघितल्या. तिसऱ्या की चौथ्या वेळेला त्यानेच विचारलं, "ताई, पडायच्या आधी आवाज का कमी होतो?"

आवाज मोटरचा. सातपैकी सहा व्हिडिओंत तेच. विमान वाऱ्याच्या दिशेने घाटाकडे चाललेलं आहे, मोटरचा आवाज खाली येतो, नाक किंचित वर होतं, वळण सुरू होतं, एक पंख खचकन खाली. मोटरचा आवाज वारा कमी करत नाही. तो माझा डावा अंगठा कमी करतो.

आता यामागचं शास्त्र. जरा धीर धरा, कारण इथेच बहुतेक नवशिक्यांची विमानं पडतात. विमानाचा पंख उचल देतो तो हवेच्या तुलनेत असलेल्या वेगामुळे. तो वेग एका मर्यादेखाली गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते, उचल एकदम कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, मोटर चालू असतानाही होतो. वजन, पंखाचं क्षेत्रफळ आणि हवेची घनता घालून माझ्या विमानाचा हा किमान वेग सेकंदाला ७.३ मीटर येतो, म्हणजे ताशी २६ किलोमीटर. वर्गात फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हे सूत्र मी दोनदा सोडवलं होतं, चांगले मार्कही मिळाले होते. पण ते माझ्या विमानालाही लागू होतं, हे काही डोक्यात आलं नव्हतं!

समजा विमान हवेतून सेकंदाला बारा मीटरने चाललंय आणि पश्चिमेचा वारा पाच मीटरचा आहे. वाऱ्याला तोंड करून येताना जमिनीवरून मला ते बारा वजा पाच, म्हणजे सातने येताना दिसतं. सावकाश, छान. तेच वळून वाऱ्याबरोबर घाटाकडे निघालं की बारा अधिक पाच, सतराने पळताना दिसतं. हवेच्या तुलनेत त्याचा वेग बाराच आहे, काहीही बदललेलं नाही. पण माझ्या डोळ्यांना ते सुसाट सुटल्यासारखं वाटतं. मी घाबरून थ्रॉटल कमी करते. आता ते जमिनीच्या हिशोबाने बाराने चाललंय, मला हायसं वाटतं. पण हवेच्या हिशोबाने? बारा वजा पाच, सात. आणि स्टॉल ७.३ ला.

त्यात वळण. वळताना विमान कलतं, पंखाची उचल तिरकी होते, त्यामुळे तेवढंच वजन तोलायला जास्त उचल लागते. पंचेचाळीस अंश कललं तर स्टॉलचा वेग ७.३ वरून ८.७ होतो. साठ अंशांना लागणारी उचल दुप्पट, आणि स्टॉलचा वेग १०.३. म्हणजे सरळ जाताना जे विमान कसंबसं टिकलं असतं, ते वळवायला गेलं की गेलंच. आणि लांब चाललंय या भीतीने मी ते नेमकं घट्ट वळवायचे, एलेव्हेटर ओढून.

पुष्कळ जणांकडून मी ऐकलंय की वाऱ्याबरोबर वळताना वारा मागून येतो आणि पंखाखालची हवाच काढून घेतो. तसं होत नाही. सारखा वाहणारा वारा विमानाला कळतही नाही, ते त्या हवेतच तरंगत असतं, नदीत वाहणाऱ्या होडीसारखं. झोताचा वारा असेल, जमिनीच्या फार जवळ असाल, तर गोष्ट वेगळी. माझ्या त्या सहा वेळा झोतबीत काही नव्हता. शेजारच्या आंब्याची पानं एकसारखी हलताना व्हिडिओत दिसतात. मी त्या रात्री सहा ठिकाणचा "वारा" खोडला आणि "थ्रॉटल कमी केला, वळवलं" असं लिहिलं. पेनाने लिहिलेलं होतं, त्यामुळे खोडलेलं अजून दिसतं.

दुसरा हंगाम गेल्या नोव्हेंबरला सुरू झाला. हा लेख देईपर्यंत ३८ उड्डाणं झाली, चार वेळा पडलं. सोळावरून चारवर, हे सांगितल्यावर मेसमध्ये टाळ्या पडल्या. पण इंजिनीयरिंगचे विद्यार्थी आहोत तर प्रामाणिकपणे सांगायला हवं, की यातलं किती श्रेय थ्रॉटलचं आणि किती दुसऱ्या कशाचं, हे मला सांगता येणार नाही. कारण मी एका वेळी चार गोष्टी बदलल्या. आता मी सकाळी नऊच्या आत उडवते, वाराच नसतो. विमान वर न्यायचं ते निदान तीस-चाळीस मीटर, म्हणजे स्टॉल झालाच तर नाक खाली सोडून वेग घ्यायला आणि सावरायला जागा राहते. वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटलवरचा अंगठा हलवायचा नाही, असं रिमोटवर चिकटपट्टीने लिहून ठेवलंय. आणि मधल्या काळात हातही थोडा बसला असणार. एक-एक गोष्ट बदलून बघायला हवं होतं. सर हेच म्हणाले.

पाचवी गोष्ट म्हणजे जागा. घर, खळं, रस्ता, गुरं, यातलं काहीही शंभर पावलांच्या आत असेल तर विमान पिशवीतून काढायचंच नाही. चुलतभाऊ आता व्हिडिओ काढत नाही, तो माझ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि कोणी येतंय का बघतो. माझी नजर विमानावरून हलू शकत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्यानेच करावं लागतं. स्टेटस गेलं म्हणून तो थोडा नाराज आहे.

कायद्याचंही सांगते, कारण होस्टेलमधले तिघे-चौघे आता बनवायला लागलेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपल्यासारख्यांच्या विमानांचा वेगळा उल्लेख आहे. पंचवीस किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी आणि डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवायचं मॉडेल असेल तर त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून कुठेही उडवता येतं असं नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवे, पिवळे, लाल भाग असतात. लाल-पिवळ्यात परवानगीशिवाय जायचं नाही, आणि हिरव्यातही चारशे फुटांच्या वर नाही. विमानतळाजवळ मर्यादा अजून कडक. पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात ते वेगळे. आणि गावाला विश्वासात घ्या. २०२४ मध्ये आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला, जुन्नर-आंबेगाव भागात, रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक जागून पहारे देत होते. तेव्हापासून आकाशात काही गुणगुणलं की लोक साशंक होतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी सुट्टीत पहिल्या दिवशी पोलीसपाटलांना सांगून येते. ते विचारतात, "मागचंच का नवीन?"

मोडल्यावर काय, हाही नेहमीचा प्रश्न. थर्माकोलचा पंख मोडला तर फेव्हिकॉल आणि टेप, रात्रभर वजन ठेवून वाळवायचं. फेव्हिक्विक थर्माकोलला लावू नका, तो खड्डे पाडतो. प्रोपेलरला बारीक चीर जरी दिसली तरी फेकून द्या, वेगाने फिरताना त्याचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. आणि पडलेल्या विमानातली लिथियम बॅटरी ही सगळ्यात गंभीर गोष्ट. वरून चांगली दिसली तरी आत दबलेली असू शकते आणि तासाभरानेही पेट घेऊ शकते. पडल्यावर ती काढून उघड्यावर, मातीत ठेवायची आणि लांबून लक्ष ठेवायचं. फुगली असेल तर परत चार्ज करायची नाही. माझ्या बॅटऱ्या रेक्टर मॅडमच्या परवानगीने होस्टेलच्या मागच्या व्हरांड्यात मातीच्या कुंडीत असतात. कृपया त्या कुंडीत कोणी तुळस लावू नये, एकदा झालंय!

या हंगामातल्या चार पडण्यांचा हिशोब राहिला. एकदा बॅटरीचा पट्टा नीट लावला नव्हता, हवेत ती मागे सरकली. एकदा समोरून येताना दिशा चुकली, मामांचं वाक्य ऐन वेळी आठवलं नाही. एकदा खरोखर वारा होता, झोताचा, आंब्याच्या फांद्या उलट्यासुलट्या होत होत्या आणि मोटरचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. हे मी चुलतभावाकडून वदवून घेऊन मगच लिहिलं. आणि एकदा जानेवारीत, सकाळी आठ वाजता, शांत हवेत, चाळीस मीटरवर सरळ चाललेलं विमान हळूहळू उजवीकडे कललं आणि मी काहीही केलं तरी सरळ झालं नाही. सर्व्हो तपासले, वायरी तपासल्या, रिसीव्हर सुटा करून टेबलावर दोन तास चालवून बघितला. सगळं व्यवस्थित. त्या ओळीत मी "माहीत नाही" लिहिलंय. त्याच रिसीव्हरवर परत उडवायचं का, हे अजून ठरलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणाला वेळ असेल तर रूमवर या, विमान कपाटावर आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी